पुढची पिढी म्हणजे कोणाची मुले?

विज्ञानाच्या मासिकात कादंबऱ्यांवरील संशोधनाचे काय काम, असा प्रश्न शिक्षकमित्रांना पडेल. पण 'आपल्या मुलाबाळांसाठी पृथ्वी जपा' हे वाक्य आपण सारेच वर्गात वापरतो. आम्हीही व्याख्यानांचा शेवट त्यानेच करत आलो. एका साहित्य-अभ्यासिकेने नेमक्या याच विचाराची तपासणी केली आहे. अॅडेलिन जॉन्स-पुत्रा यांचे 'क्लायमेट चेंज अँड द कंटेम्पररी नॉव्हेल' हे पुस्तक २०१९ मध्ये प्रसिद्ध झाले.

त्यांचे म्हणणे थोडक्यात असे: हवामानबदलाच्या कादंबऱ्यांत भविष्याची काळजी बहुधा आईबापांच्या मायेच्या रूपात येते. ही माया खरी असते, पण ती स्वतःच्या लेकरापाशीच थांबू शकते. कॉर्मॅक मॅकार्थी यांच्या 'द रोड' (२००६) मधला बाप उजाड जगात मुलाला जिवापाड जपतो. वाटेत भेटलेल्यांना मदत करायला मात्र तो तयार नसतो. शिवाय काळजी हे बाईचेच काम, असे मानण्याची सोयही या विचारात आहे. स्त्रीवादी अभ्यासकांनी त्याबद्दल पूर्वीच सावध केले आहे.

विज्ञानही या शंकेला दुजोरा देते. आपण सोडलेला कार्बन डायऑक्साइड साधारण वर्षभरात दोन्ही गोलार्धांच्या हवेत मिसळतो. त्याचा बराच भाग समुद्र आणि वनस्पती शोषून घेतात, पण काही भाग हजारो वर्षे हवेत राहतो. हजार वर्षे म्हणजे सुमारे चाळीस पिढ्या! आजीची माया पतवंडापर्यंत पोचेल, त्यापुढच्यांचे काय?

तरीही मायेला मोडीत काढावे, असे आम्हाला वाटत नाही. याच पुस्तकात चर्चिलेली बार्बरा किंगसॉल्व्हर यांची 'फ्लाइट बिहेव्हियर' (२०१२) पाहा. डेलारोबिया ही अमेरिकेतील टेनेसीच्या डोंगराळ भागातली दोन मुलांची आई. मेक्सिकोत हिवाळा काढणारी मोनार्क फुलपाखरे तिच्या डोंगरावर उतरतात. मुलाच्या वर्गातल्या मुलीचे कुटुंब मेक्सिकोत दरड कोसळल्याने परागंदा झालेले असते. त्यांच्याकडून तिला या फुलपाखरांचे मूळ ठिकाण कळते. पुढे ती शास्त्रज्ञांच्या हाताखाली मोजमापे घेऊ लागते. मुलाच्या निमित्ताने तिचे जग रुंदावते. आईपण इथे कुंपण न राहता दार होते, आणि ते उघडते शिक्षणामुळे.

पुस्तकाची भाषा विद्यापीठीय आणि जड आहे, कादंबऱ्याही इंग्रजीतल्याच. हे उणेपण मान्य करूनही त्यातला प्रश्न आपण वर्गात न्यावा. मेक्सिकोत पोचणारे मोनार्क तिथे पूर्वी कधीच गेलेले नसते. वसंतात तिथून निघालेल्यांची ती पतवंडे असतात. त्यांच्या अळ्या आपल्या रुईच्या कुळातल्या वनस्पतींवर वाढतात. वाटेवरच्या शेतकऱ्याने ती झुडपे राखली, तर ती कोणाच्या मुलांसाठी? विद्यार्थ्यांना हे विचारून पाहा, आणि उत्तर देण्याची घाई करू नका.