चिलखतावाचूनचा वेताळ

पाश्चात्त्य चित्रकथांच्या दुसऱ्या-तिसऱ्या रांगेत एक पात्र पुनःपुन्हा भेटते. रात्र पडली की अंगावर पोलादी चिलखत चढवावे, चेहरा झाकावा आणि कायद्याच्या हातून निसटलेल्या गुन्हेगारास आपणच शासन करावे, असा त्याचा क्रम असतो. १९६३ साली अवतरलेला ‘आयर्न मॅन’ हा चिलखतधाऱ्यांतील सर्वांत नामांकित. त्याच्यासारखी कितीतरी गौण पात्रे आली आणि विस्मृतीत गेली. मराठीत मात्र ही जात रुजली नाही. मराठी मुलांच्या किमान दोन पिढ्यांनी आपला मानला तो चिलखत नसलेला रक्षक, म्हणजे इंद्रजाल कॉमिक्समधील वेताळ. बेळगाव-निपाणी भागातील आमच्या शिक्षकबंधूंपैकी अनेकांनी तो क्रमिक पुस्तकाच्या आड धरून वाचलेला असणार. साहित्यचर्चेत त्यास स्थान नाही, म्हणूनच त्याचा विचार येथे करावयाचा आहे.

लोकांनी वेताळास निवडले आणि चिलखतवाल्यास नाकारले, असे मात्र कोणी समजू नये. टाइम्स ऑफ इंडियाच्या प्रकाशकांनी १९६४ च्या मार्चमध्ये ही माला सुरू केली. तीत प्राधान्याने किंग फीचर्स या अमेरिकन संस्थेची पात्रे आली, आणि ली फॉक यांनी १९३६ मध्ये निर्मिलेला ‘फँटम’ त्यांत अग्रभागी होता. म्हणजे निवड झाली ती प्रकाशकांच्या दालनात. वाचकाच्या भाषेत निवड झाली ती फक्त नावाची, आणि आमच्या मते ह्या साऱ्या प्रकरणातील खरी साहित्यिक घटना तीच होय.

‘फँटम’ ह्या शब्दाचा अर्थ भूत, छाया, भास. ‘भूत’ म्हटले असते तरी अर्थ साधला असता. पण वेताळ हा नुसता भूत नव्हे. तो भुतांचा राजा आणि गावाचा राखणदार आहे. बेळगावहून घाट उतरून खाली गेले की वेंगुर्ले तालुक्यात आरवलीचा वेतोबा भेटतो. त्यास भक्त चामड्याचे मोठाले जोड वाहतात. देव रात्री गावाभोवती फेरी घालतो आणि त्या फेरीत ते झिजतात, अशी श्रद्धा आहे. गोव्यात लोलये आणि आमोणे येथेही वेताळाची ठाणी आहेत. कथावाङ्मयात ‘वेताळपंचविशी’मुळे तो घरोघरी ठाऊक. अशा नावाने एखादे परके पात्र आले की वाचक त्यास नवखे म्हणून पाहतच नाही. त्याचे रात्रीचे फिरणे, त्याचे अमरत्व, त्याच्या अंगठीच्या ठशाची दहशत, हे सर्व आधीच ओळखीचे वाटू लागते.

चिलखताविषयीची आपली कल्पनाही येथे ध्यानात घेतली पाहिजे. कर्णाचे कवच जन्मजात होते, आणि ते दान केले म्हणून तो थोर ठरला. १६५९ च्या प्रतापगडच्या भेटीचे वर्णन ऐकताना श्रोत्यास आवडते ते अंगरख्याखालचे, न दिसणारे चिलखत. दिवेलागणीला घरोघर म्हटली जाणारी रामरक्षा हेही कवचच. मस्तकापासून पावलांपर्यंत एकेक अवयव शब्दांनी झाकणारे. ज्या परंपरेत कवच दान केले जाते, लपविले जाते किंवा उच्चारले जाते, तीत कारखान्यात घडविलेल्या आणि मिरवीत फिरणाऱ्या पोलादाचे अप्रूप बेताचेच असणार. फँटमच्या अंगी अलौकिक सामर्थ्य नाही. त्याचे संरक्षण त्याच्या दंतकथेत आहे: बापामागून मुलगा तोच वेष घेतो, आणि लोक समजतात की चार शतके एकच पुरुष जिवंत आहे. शब्दांचे कवच म्हणतात ते हेच. म्हणून तो आमच्याकडे सहज मिसळला.

येथवर गुणवर्णन झाले. दोष सांगितला नाही तर टीका पुरी होणार नाही, आणि दोष लहान नाही. फॉकची मूळ कथा एका गोऱ्या घराण्याची आहे. अरण्यातील काळ्या जमाती भोळ्या, आपसांत भांडणाऱ्या. त्यांना शांतता लाभते ती कवटीच्या सिंहासनावर बसलेल्या गोऱ्या पुरुषाच्या धाकाने. साम्राज्यशाहीची ही आवडती कथा. फिरंगी वेषातच ती आली असती, तर स्वातंत्र्यानंतर अवघ्या सतरा वर्षांत मराठी पालकांनी ती मुलांच्या हाती देताना क्षणभर विचार केला असता. भारतीय आवृत्तीत देशाचे नाव ‘डेंकाली’ झाले, आणि नायकाचे नाव वेताळ. ह्या नावामागे गोरेपण दिसेनासे झाले. रक्षक आमच्या शिवेवरचा झाला आणि रक्षिलेले लोक कुठले तरी दूरचे राहिले. पात्राच्या अंगावर चिलखत नव्हते. भाषांतराने ते चढविले.

ग्रामदेवतेचा आणि त्याचा फरक ह्या ठिकाणी उघड होतो. वेतोबाचा अधिकार शिवेपुरता असतो, आणि तो गावाचा बांधील असतो: जोड गावाने द्यायचे, फेरी त्याने घालायची, कौल मागितला तर उत्तर द्यायचे. चित्रकथेतील वेताळ कोणाचाच बांधील नाही. त्यास जाब विचारणारे कोणी नाही. शपथ आहे तीही स्वतःच्या पूर्वजाची.

सीमाभागातील वाचकास हा भेद बारीक वाटू नये. बाहेरून कोणी येऊन निवाडा करील, ही वाट येथे १९५६ पासून पाहिली जात आहे. महाजन आयोगाने १९६७ मध्ये निपाणी महाराष्ट्रात आणि बेळगाव म्हैसूर राज्यात असा निवाडा दिला, तो अमलात आला नाही; २००४ मध्ये महाराष्ट्राने सर्वोच्च न्यायालयात दावा दाखल केला. पण ह्याच भूमीत, १९८१ साली, निपाणीच्या तंबाखू उत्पादकांनी शरद जोशी यांच्या नेतृत्वाखाली महामार्ग रोखून धरला, तेव्हा ते कोणाची वाट पाहत नव्हते. ६ एप्रिलच्या गोळीबारात १२ शेतकरी मृत्यू पावले. त्यांच्या अंगावर कसलेच कवच नव्हते.

आणि निपाणीलाच महादेव मोरे लिहीत होते. पिठाची गिरणी चालवीत त्यांनी विडीकामगार बाया, मोटारवाले, उपेक्षित स्त्रिया यांची माणसे उभी केली. २०२४ मध्ये ते निवर्तले. त्यांच्या कथांत रात्री कोणी मुखवटेधारी येत नाही. भाषेकडेही पाहावे. चित्रकथेतील वेताळ, त्याचे जंगलवासी आणि समुद्रावरचे चाचे एकाच स्वच्छ, प्रमाण मराठीत बोलतात. शाळेत दुसऱ्या राज्याची भाषा ऐकणाऱ्या मुलास तिचा सराव झाला, हा लाभ आम्ही नाकारीत नाही. मोऱ्यांची मराठी मात्र त्या मुलाच्या गल्लीतली आहे, कानडीच्या शेजाराने वळलेली, तंबाखूच्या खाटेने भरलेली. वर्गात दोन्ही पाने शेजारी ठेवून वाचावीत, अशी आमची सूचना आहे. वेताळाचे पान आधी ठेवावे, कारण मुले त्यासाठीच पुस्तक उघडतील.