छतावर पॅनल, खिडकीत ऊन

गेले चार दिवस थिसिसचं तिसरं प्रकरण बाजूला ठेवून मी अमेरिकन लोकांचे ट्रेलर बघतेय. गाईड मॅडमनी विचारलं तर सांगणार आहे की हे कामाचंच आहे, आणि खरंच आहे. पत्र्याच्या छतातून खोलीत किती उष्णता उतरते हा माझा विषय, हे जुन्या वाचकांना माहीत आहे. आरव्ही म्हणजे तरी काय? पातळ भिंतींची, पत्र्याने मढवलेली, चाकांवरची खोली.

निमित्त माझ्या एम.एस्सी.च्या रूममेटचं. ती सध्या फिनिक्सजवळ असते. नवऱ्याची नोकरी कंत्राटी, दर काही महिन्यांनी साइट बदलते, आणि दर वेळी नवं भाडं, नवं डिपॉझिट. म्हणून दोघांनी चोवीस फुटी ट्रेलर सेकंडहँड घेतला. आता त्यातच राहायचं असं ठरतंय. पोरगी दीड वर्षाची. मागच्या आठवड्यात तिचा मेसेज आला, "अगं, छतावर सोलर बसवून त्यावर एसी चालवायचाय. हे व्हिडिओ बघ आणि सांग, पैसे घालू का?" सोबत सव्वीस व्हिडिओ आणि काही लेख. मी सगळे पाहिले. काही दोनदा.

तर हे त्या सगळ्या प्रकाराचं परीक्षण समजा. एकेकाचं नाव घेऊन काही बोलणार नाही, कारण दोष एकेकट्याचा नाही. या "अपग्रेड"च्या गोष्टी सांगण्याची जी रीत पडली आहे तिचा आहे.

आधी चांगलं सांगते. ही माणसं हाताने काम करतात आणि ते दाखवतात. फ्यूज कुठे बसवायचा, केबल किती जाड घ्यायची, छताला भोक पाडल्यावर पाणी गळू नये म्हणून काय लावायचं, हे सगळं इतक्या बारकाईने मला कुठल्याही पेपरात सापडलं नसतं. बारा व्होल्टऐवजी अठ्ठेचाळीस व्होल्टची बॅटरी का घ्यावी, हे एकाने फारच सुरेख समजावलंय: तेवढीच वीज चौपट व्होल्टेजवर नेली की करंट चौथा हिस्सा होतो आणि तीच केबल ठेवली तर तारेत वाया जाणारी उष्णता सोळावा हिस्सा. दीड किलोवॅटचा एसी बारा व्होल्टवर चालवायचा तर सव्वाशे अँपिअरच्या वर करंट लागतो, त्यामुळे हा मुद्दा हौसेचा नाही, आगीचा आहे. चुकासुद्धा ते मोकळेपणाने कबूल करतात. आमच्या क्षेत्रात ते क्वचितच घडतं.

पण मग येतो शेवटचा सीन. बाहेर ऊन, आत एसी चालू, मोबाइलवरच्या ॲपमध्ये आकडे हिरवे, आणि वाक्य ठरलेलं: "आता आम्ही फुकटात एसी चालवतो."

इथे मी व्हिडिओ थांबवते आणि विचारते, बाहेर तापमान किती होतं? बहुतेक ठिकाणी ते सांगितलेलंच नाही. काहींनी चाचणी वसंतात घेतली आहे, काहींनी डोंगरात. आत थर्मोस्टॅट किती अंशांवर होता, एसी लावण्याआधी आतली हवा किती तापलेली होती, खिडक्यांवर पडदे होते का, एसी किती वेळ चालवला, काही पत्ता नाही. दुपारी दोन तास चालवून "चालतो" म्हणायचं. माझ्याकडे हा पेपर परीक्षणाला आला असता तर मी "मोठ्या दुरुस्त्या हव्यात" असं लिहून परत पाठवला असता.

फिनिक्समध्ये तर हे फार महत्त्वाचं आहे. २०२३च्या उन्हाळ्यात तिथे सलग ३१ दिवस पारा ४३ अंशांच्या वर गेला होता. त्या वर्षी मॅरिकोपा काउंटीत, म्हणजे फिनिक्स ज्या जिल्ह्यात येतं तिथे, उष्णतेशी संबंधित ६४५ मृत्यूंची नोंद झाली. त्यातले जे घरात झाले, त्यांपैकी बहुतेक घरांत एसी होता. पण तो चालत नव्हता. मैत्रीण मूळची सोलापूरची, तिला उन्हाचं कौतुक नाही. पण सोलापुरात आपण पत्र्याच्या बंद डब्यात दीड वर्षाचं पोर घेऊन बसत नाही, अंगणात येतो, पार गाठतो.

म्हणून मी आधी पॅनल मोजलेच नाहीत. आधी उष्णता मोजली.

ट्रेलरची लांबी ७.३ मीटर, रुंदी २.४, आतली उंची २.१. क्षेत्रफळ सुमारे १९० चौरस फूट, आपल्याकडच्या दीड खोलीएवढं. बाहेर ४३, आत २६ ठेवायचे, म्हणजे फरक १७ अंशांचा. भिंती, छत आणि जमीन यांत जेमतेम दोन इंचांचं इन्सुलेशन धरलं तर त्यांतून साधारण १ किलोवॅट उष्णता आत येते. छत उन्हाने तापतं त्याचे आणखी ३०० वॅट. फटींतून येणारी गरम हवा ३०० वॅट. माणसं, लॅपटॉप, फ्रिज मिळून ३०० वॅट. आणि खिडक्या? एकेरी काच, एकूण ५ चौरस मीटर. त्यांतून नुसत्या तापमानाच्या फरकाने ५०० वॅट, आणि निम्म्या खिडक्यांवर ऊन असेल तर थेट उन्हाचे आणखी सुमारे १ किलोवॅट. बेरीज ३.४ किलोवॅट.

पुन्हा एकदा बघा. सगळ्या बाजू मिळून ७६ चौरस मीटर; त्यांत खिडक्या ५. म्हणजे सात टक्क्यांहूनही कमी जागेतून चाळीस टक्क्यांहून जास्त उष्णता आत येतेय. माझे आकडे ढोबळ आहेत, दहा-पंधरा टक्के इकडेतिकडे होतील, पण हे प्रमाण काही उलटं होणार नाही.

आता छतावरचा नेहमीचा एसी १३,५०० बीटीयूचा, म्हणजे सव्वा टनाच्या जरा आत, जवळपास ४ किलोवॅट उष्णता बाहेर फेकणारा. ही क्षमता बाहेर ३५ अंश असताना मोजलेली असते. ४३ अंशांना ती दहा टक्के तरी घटते. म्हणजे जुलैच्या दुपारी हा एसी न थांबता चालेल तेव्हा कुठे जेमतेम पुरेल, दीड किलोवॅट वीज ओढत. दिवसरात्र मिळून माझ्या हिशोबाने एकवीस-बावीस युनिट.

आणि छत देणार किती? एसी, पंख्याची खिडकी आणि इतर सामान सोडून उरलेल्या जागेत ४०० वॅटचे तीन पॅनल नीट बसतात. फिनिक्सचं ऊन उत्तम. जुलैत दिवसाला साडेसात तासांच्या पूर्ण उन्हाएवढी ऊर्जा आडव्या छतावर पडते असं धरू. पण तापलेल्या छतावर पॅनलचं तापमान ६५-७० अंशांपर्यंत जातं आणि २५च्या वरच्या दर अंशाला सुमारे ०.३५ टक्के वीज कमी होते. त्यात धूळ, तारा, इन्व्हर्टर. पंचाहत्तर टक्के हाती लागले तर पावणेसात युनिट. गरजेच्या तिसरा हिस्सा.

हे गणित आठवीतला मुलगा करू शकतो. सव्वीसपैकी एकाही व्हिडिओत ते पूर्ण केलेलं नाही, याचा मला राग आला. कारण गणित अर्धं सोडलं की उरलेली जागा खरेदीने भरते: आणखी एक पॅनल, आणखी एक बॅटरी.

एक गोंधळ जाता जाता निस्तरते. "सॉफ्ट स्टार्टर लावला, एसीची वीज निम्म्यावर आली," असं तीन ठिकाणी ऐकलं. सॉफ्ट स्टार्टर कॉम्प्रेसर सुरू होतानाचा क्षणभराचा झटका कमी करतो, त्यामुळे लहान इन्व्हर्टरवर एसी सुरू होऊ शकतो. ते उपयोगाचंच आहे. पण एकदा सुरू झालेला एसी तासाला तेवढीच वीज खातो.

दुसरा शब्द "एफिशियंट". आपल्याकडे एसी घेताना बीईईचे तारे बघायची सवय लागली आहे. छतावरच्या आरव्ही एसीच्या जाहिरातीत बहुधा बीटीयू मोठ्या अक्षरांत असतात आणि वीज किती लागते ते शोधावं लागतं. मग पर्याय म्हणून घरगुती मिनी-स्प्लिट येतो, म्हणजे आपला साधा इन्व्हर्टर एसी. (हा इन्व्हर्टर एसीच्या आतला, कॉम्प्रेसरचा वेग कमीजास्त करणारा, बॅटरीवाला इन्व्हर्टर वेगळा. दोघांच्या नावाने कमेंट्समध्ये तुंबळ युद्ध चालू असतं.) मिनी-स्प्लिटवाले व्हिडिओ मला जास्त प्रामाणिक वाटले. पण तेही त्याची परीक्षा भर दुपारी घेतात, आणि नेमका तिथे त्याचा मोठेपणा कमी दिसतो. तो खरा उजवा ठरतो रात्री.

फिनिक्सची जुलैची रात्र ३३ अंशांची धरा. फरक फक्त ७ अंशांचा, ऊन नाही. ट्रेलरला आता सुमारे १ किलोवॅटच उष्णता बाहेर काढायची आहे. छतावरचा एसी यासाठी धडाधड चालू-बंद होत राहील आणि सरासरी ४०० वॅट घेईल. मिनी-स्प्लिट हळू वेगाने चालत राहील आणि २५० वॅटमध्ये भागवेल. दहा तासांचे अडीच युनिट. शंभर अँपिअर-अवरच्या चार लिथियम बॅटऱ्यांमधून प्रत्यक्ष चार युनिट हाती येतात. म्हणजे त्याच बॅटऱ्यांवर रात्र निघते आणि थोडं उरतं. भर दुपारी छतावरचा एसी लावला तर त्याच बॅटऱ्या पावणेतीन तासांत संपतील.

मिनी-स्प्लिटचं दुखणंही आहे. तो भिंतीवर स्वस्थ बसण्यासाठी बनवलेला असतो. ट्रेलर रस्त्यावर हादरतो, तांब्याच्या नळीचे जोड सैल होतात, गॅस हळूहळू निघून जातो. बाहेरचं युनिट ट्रेलरच्या मागे टांगा नाहीतर पुढे, वजनाचा तोल बदलतोच. पॅनलही वीस-वीस किलोंचे. आणि बॅटरी बाहेरच्या पत्र्याच्या पेटीत ठेवायची ही पद्धत मला अजिबात पटली नाही. ४५ अंशांच्या वर लिथियम बॅटरी चार्ज करणं तिच्या आयुष्यावर उठतं, आणि अशी पेटी उन्हात त्याच्या वर सहज जाते.

राहिल्या खिडक्या. मैत्रिणीला मी सांगितलं, ऑर्डर थांबव आणि आधी खिडक्यांना बाहेरून आडोसा कर. बाहेरून, हे महत्त्वाचं. आतला पडदा ऊन काचेतून आत आल्यावर अडवतो, तोवर उष्णता घरात आलेली असते. बाहेरून शेडनेट किंवा चांदीच्या रंगाचं जाड कापड लावलं तर त्या १ किलोवॅटमधले ७५० वॅट तरी टळतील. छतावरच्या एसीला तेवढी उष्णता बाहेर काढायला जवळपास ३०० वॅट वीज लागते. तापलेल्या छतावरचा ४०० वॅटचा पॅनल भर दुपारी तेवढीच देतो. म्हणजे चार कापडं म्हणजे एक पॅनल, आणि कापड वाऱ्यात फाटलं तर नवं आणता येतं.

ती म्हणाली, "मग झाडाखालीच लावते की ट्रेलर!" अगदी बरोबर, आणि इथेच या योजनेतली खरी अडचण आहे. एसी कमी लागावा म्हणून सावली हवी, एसी चालावा म्हणून ऊन हवं, आणि छत एकच. व्हिडिओंमध्ये हा पेच कुणी मांडतच नाही. तिथे ट्रेलर नेहमी उघड्या माळावर असतो, कारण तिथे फोटो छान येतात. पॅनलखाली चार बोटं हवा खेळती ठेवली तर छताला थोडी सावली मिळते, ही त्यातल्या त्यात बरी तडजोड.

आडोसा आणि मिनी-स्प्लिट दोन्ही धरून मी पुन्हा हिशोब केला. एकवीस-बावीसवरून गरज बारा युनिटवर आली. पॅनल पावणेसातच देणार. जुलैत पाच युनिटांची खोट राहतेच. हे तिला सांगताना मला वाईट वाटलं, कारण तिला "हो" ऐकायचं होतं. मी लिहिलं, मार्च-एप्रिलमध्ये आणि ऑक्टोबरनंतर तुझं सोलर मजेत चालेल. जून ते सप्टेंबर मात्र जिथे विजेचं कनेक्शन मिळतं अशाच जागी ट्रेलर लावायचा. तीस अँपिअरचा प्लग म्हणजे १२० व्होल्टवर ३,६०० वॅट, त्यावर एसी निवांत चालतो. त्या जागांचं भाडं धरून घरभाड्याशी तुलना कर, मग ठरव. पोरीच्या झोपेचा भरवसा बॅटरीवर ठेवू नकोस.

दोन दिवस उत्तर नव्हतं. मला वाटलं रागावली.

काल फोटो आला. पश्चिमेच्या दोन खिडक्यांवर बाहेरून चांदीचं कापड, चक्क कपडे वाळत घालायच्या चिमट्यांनी लावलेलं. खाली आकडे: कापड नसताना बंद ट्रेलरमध्ये दुपारी चारला ४९ अंश, कापड लावल्यावर दुसऱ्या दिवशी त्याच वेळी ४५. बाहेर दोन्ही दिवशी ३८. सगळ्या खिडक्या झाकल्या की पुन्हा मोजणार आहे. मी तिला थर्मामीटर छताला न टेकवता मधोमध टांगायला सांगितलंय, आणि मोजताना छतावरची पंख्याची खिडकी उघडी होती का तेही विचारलंय. त्याचं उत्तर अजून यायचंय.