ब्रेक कसला?

लिंक्डइन २००३ साली सुरू झालं. पण बाळंतपण, आजारपण, घर यांत गेलेली वर्षं मांडायला ‘करिअर ब्रेक’ असा वेगळा रकाना तिथं २०२२ साली आला. तोवर बाईची ती वर्षं म्हणजे नुसती मोकळी जागा! म्हणून रकाना आला, बरं वाटलं.

मग वहिनींचं पान आम्ही दोघींनी भरायला घेतलं. अकरा वर्षं त्यांनी बेळगावात घरच्या कापडदुकानाची खतावणी लिहिली, जीएसटी सुरू झाल्यावर त्याचीही विवरणं भरली. आता बाहेर नोकरी शोधताहेत. तरी म्हणाल्या, “अहो वन्सं, घरच्या दुकानाचं ते कसलं काम? ब्रेकच लिहा.”

मला इथंच खटकतं. पगार नसलेल्या कामाला सुट्टी म्हणायची ही आयती सोय झाली.

ओळखींचंही तसंच. पाचशेच्या वर गेल्या की तिथं नुसतं ‘५००+’ दिसतं. त्या आकड्याला भुलू नका, बायांनो. तुमचं काम डोळ्यांनी पाहिलेल्या दहाजणांना दोन ओळी स्वतः लिहा. शब्द टाकतील ते तेच.

शेवटी आम्ही लिहिलं, ‘हिशेबनीस, ११ वर्षे.’ वहिनी लाजल्या, पण खोडलं नाही.