लघवी वाढली, पण किडनी वाचली का? डोपामिनच्या एका पेपरबद्दल

पेपर चिकित्सक नजरेनं कसा वाचायचा, असं बरेच जण विचारतात. त्यासाठी मी एक जुना पेपर सुचवेन. कमी डोसच्या डोपामिनवरची रिनाल्डो बेलोमो आणि सहकाऱ्यांची ही ट्रायल 2000 साली 'लॅन्सेट'मध्ये आली. निकाल काय, तर 'फरक नाही'. म्हणूनच वाचायचा.

आधी पार्श्वभूमी बघू. हृदय जेवढं रक्त बाहेर ढकलतं, त्यातला साधारण पाचवा हिस्सा किडन्यांकडे जातो. रक्तस्राव किंवा गंभीर जंतुसंसर्गात बीपी पडलं की हा पुरवठा घटतो. नलिकांच्या पेशींना ऑक्सिजन कमी पडतो, लघवी कमी होते, क्रिएटिनिन चढतं. अ‍ॅक्युट किडनी इन्ज्युरी होण्याचा हा एक नेहमीचा मार्ग.

1964 मध्ये मॅकडोनाल्ड, गोल्डबर्ग आणि सहकाऱ्यांनी दाखवलं, की डोपामिन दिल्यावर माणसाच्या किडनीतला रक्तप्रवाह आणि सोडियमचं उत्सर्जन दोन्ही वाढतात. मग तर्क सरळच होता: रक्त कमी पडतंय ना, द्या डोपामिन! लघवीची पिशवी भरताना दिसायची, त्यामुळे औषध लागू पडलं असंच वाटायचं. 'रीनल डोस' हे नाव रूढ झालं आणि ही पद्धत आयसीयूंमध्ये वर्षानुवर्षं चालली.

बेलोमोंच्या गटानं 23 आयसीयूंमधले 328 रुग्ण घेतले. किडनीचं काम बिघडायला नुकतीच सुरुवात झालेले हे रुग्ण. काहींना डोपामिन, काहींना प्लासिबो. कोणाला काय मिळतंय हे उपचार करणाऱ्यांनाही माहीत नाही. क्रिएटिनिनचा उच्चांक डोपामिन गटात सरासरी 245, प्लासिबो गटात 249 मायक्रोमोल प्रति लिटर. डायलिसिससारखे उपचार लागले ते 35 आणि 40 जणांना. मृत्यू 69 आणि 66. म्हणजे फरक नाहीच.

या पेपरचं खरं बळ आकड्यांपेक्षा प्रश्नात आहे. लेखकांनी मुख्य निकष म्हणून लघवी घेतली नाही. ती घेतली असती तर कदाचित औषध 'यशस्वी' ठरलं असतं. 2005 च्या मेटा-अ‍ॅनालिसिसमध्ये (61 ट्रायल्स, 3,359 रुग्ण) नेमकं हेच दिसतं: पहिल्या दिवशी लघवी 24 टक्क्यांनी वाढली, पण मृत्यू किंवा डायलिसिसची गरज कमी झाली नाही.

असं का व्हावं? डोपामिन नलिकांमध्ये सोडियमचं शोषण रोखतं, म्हणून लघवी वाढते. ते लघवीचं औषध म्हणून काम करतं. त्यावरून पेशी वाचल्या असं ठरत नाही. उलट, वरच्या नलिकेत न शोषलेलं सोडियम पुढे किडनीच्या आतल्या भागाकडे जातं. तिथे ऑक्सिजन मुळातच कमी असतो, त्यात काम वाढण्याची शक्यता. शिवाय निरोगी किडनीत दिसलेला परिणाम आजारी किडनीत तसाच दिसेल, हे गृहीतच धरलेलं होतं.

आता या पेपरच्या मर्यादा. क्रिएटिनिनसुद्धा अप्रत्यक्ष खूणच आहे. इजा झाल्यावर ते उशिरा चढतं आणि स्नायू कमी असलेल्या रुग्णात फसवतं. मृत्युदरातला छोटा फरक पकडायला 328 रुग्ण पुरेसे नाहीत. आणि इथे किडनी आधीच बिघडू लागली होती. त्यामुळे 'आधीच दिलं असतं तर?' याचं उत्तर या एका ट्रायलमधून मिळत नाही. त्यासाठी बाकीचे अभ्यास एकत्र बघावे लागतात. ते बघूनच 2012 च्या केडिगो मार्गदर्शिकेनं अशा रुग्णांत किडनीच्या बचावासाठी किंवा उपचारासाठी कमी डोसचं डोपामिन वापरू नका, असं स्पष्ट सांगितलं.

दरम्यान हृदयाचे ठोके बिघडवू शकणारं औषध कितीतरी रुग्णांना फायद्याविना मिळत राहिलं. मोजायला सोपं तेच महत्त्वाचं मानलं, की अशी किंमत मोजावी लागते, आणि ती रुग्ण मोजतो.

तुमच्या सिनॉप्सिसमध्ये 'मुख्य निकष' हा रकाना भराल तेव्हा एवढंच विचारा: हा आकडा सुधारला आणि रुग्ण तसाच राहिला, असं होऊ शकतं का? उत्तर 'हो' असेल, तर तो निकष का निवडला याचं कारण आधी लिहून ठेवा. गाइड विचारतीलच.