‘मातांनो’ : पोषणाच्या चित्रफितींचे एक वाचन

मराठीत शिकवणाऱ्या गद्याची परंपरा जुनी आहे आणि समीक्षेने तिच्याकडे फारसे पाहिलेले नाही. लक्ष्मीबाई धुरंधरांचे ‘गृहिणी-मित्र अथवा एक हजार पाकक्रिया’ १९१० मध्ये आले, कमलाबाई ओगल्यांची ‘रुचिरा’ १९७० मध्ये. पिढ्यान्‌पिढ्यांच्या स्वयंपाकघरांत ही पुस्तके हळदीच्या डागांसह वापरली गेली, पण वाङ्मयाच्या इतिहासात त्यांना तळटीपेपलीकडे जागा मिळाली नाही. या परंपरेचा आजचा अवतार पुस्तकात नाही. तो अंगणवाडीच्या व्हॉट्सॲप गटात सापडतो. सहा महिन्यांच्या बाळाला काय भरवावे, लोह कशात असते, हात कधी धुवावेत, हे सांगणाऱ्या दोन ते दहा मिनिटांच्या चित्रफिती रोज पुढे ढकलल्या जातात. मार्च २०२० मध्ये टाळेबंदीने अंगणवाड्या बंद केल्या, तेव्हापासून त्यांचा ओघ वाढला. गेल्या दोन वर्षांत मिळतील तेवढ्या मराठी चित्रफिती मी पाहिल्या, त्यातल्या काही अनेकदा. कथा-कवितेला जे प्रश्न विचारतो तेच मी त्यांना विचारले. बोलणारा कोण? तो कोणाशी बोलतो? आणि ऐकणारी बाई त्याच्या कल्पनेत कशी दिसते?

पहिले उत्तर पहिल्याच शब्दात मिळते. ‘मातांनो’. मराठीत आपल्या आईला कोणी माता म्हणत नाही, आणि लेकुरवाळी बाई स्वतःला तर नाहीच. माता देवळात असते, नाहीतर भाषणात. सरकारी कागदावर ती ‘स्तनदा माता’ होते. या हाकेबरोबरच ऐकणारी आपल्या घरातून उठून लाभार्थींच्या यादीत जाऊन बसते. त्यानंतर येतात ‘-वे’कारान्त क्रियापदे : द्यावे, टाळावे, भरवावे, समावेश करावा. ‘बाळाच्या आहारात प्रथिनयुक्त पदार्थांचा समावेश करावा’ या वाक्यात कर्ता नाही, कृती नाही, पदार्थही नाही. यातून ताटात काही पडत नाही. याच जागी ‘वरणावरचं पाणी नको, खालची घट्ट डाळ घाला’ असे म्हटले तर बाईच्या हातातला डाव लगेच वळतो. एका चित्रफितीत हे वाक्य जवळपास याच शब्दांत आहे, आणि ते बोलणारी स्वतः अंगणवाडी सेविका आहे.

सहा महिन्यांनंतरच्या खाण्याला इंग्रजीवरून घेतलेला ‘पूरक आहार’ हा शब्द या चित्रफितींत सर्रास येतो. आपल्याकडे ‘वरचं खाणं’ हा नेमका शब्द आहे. दूध आहेच, त्याच्यावरचे. अंगावरचे दूध तोडायचे नाही, ही गोष्ट त्या ‘वरचं’मध्ये आधीच सांगितलेली आहे. तीच कथा ‘अन्नप्राशन दिवसा’ची. अंगणवाडीत साजऱ्या होणाऱ्या या दिवसाला बहुतेक मराठी घरांत ‘उष्टावण’ म्हणतात. मामा येतो, खिरीचे बोट चाटवतो, आज्या-आत्या जमतात. उष्टावण म्हटले की हे सगळे कुटुंब डोळ्यांसमोर उभे राहते, आणि सहा महिने झाले की वरचे सुरू करायचे हा संदेश त्या सणातच असतो. संस्कृत शब्दाने तो सण कार्यक्रम होतो. शब्दांच्या या निवडीमागे मला वाईट हेतू दिसत नाही. मसुदा इंग्रजीत होतो, भाषांतर शब्दकोश घेऊन बसते, आणि जिला हे रोज बोलायचे आहे तिला कोणी विचारत नाही. मार्च २०२१ मध्ये आलेल्या ‘पोषण ट्रॅकर’ या ॲपचेही तसेच झाले. मोबाइल निकृष्ट आणि ॲप इंग्रजीत, म्हणून त्या वर्षीच्या ऑगस्टमध्ये राज्यभरच्या सेविकांनी सरकारला मोबाइल परत केले. वृत्तपत्रांनी ती मानधनासारखीच एक मागणी म्हणून छापली. मला ते भाषेच्या प्रश्नावरचे, अलीकडच्या काळातले मोठे आंदोलन वाटते.

आता स्वयंपाकघराकडे. पडद्यावर गॅसच्या दोन शेगड्या असतात, मिक्सर असतो, पारदर्शक बरण्या असतात, आणि ओटा रिकामा असतो. रिकामा ओटा ही गरीब घरात सर्वांत अशक्य गोष्ट. ‘मिक्सरमधून बारीक करून घ्या’ असा आवाज येतो, पण पाटा-वरवंटा कुठेच दिसत नाही. भाकरी आमटीत कुस्करणे, हेही क्वचितच, जरी मराठी बाळांच्या कित्येक पिढ्या त्या कुस्करलेल्या घासावर वाढल्या. नाचणीचे सत्त्व मात्र हमखास भेटते. एक गोष्ट मनापासून मान्य करतो : वाटी-चमच्याचे माप. ‘रुचिरा’ने मध्यमवर्गीय घरात रुजवलेले हे माप या चित्रफितींनी पुढे नेले आहे. नऊ महिन्यांच्या बाळाला अर्धी वाटी, वर्षाच्या पुढे पाऊण ते एक. उष्मांकाचा आकडा सांगितला असता तर तो हवेत राहिला असता.

पैशाविषयी चित्रफिती मुक्या आहेत. जागतिक आरोग्य संघटना आणि युनिसेफच्या निकषानुसार सहा ते तेवीस महिन्यांच्या बाळाला आठ अन्नगटांपैकी किमान पाच रोज मिळाले पाहिजेत, आणि आईचे दूध हा त्यातलाच एक गट. चित्रफितीत हे गट रंगीत चक्रात फिरतात. अंगणवाडीतून मिळणाऱ्या पूरक पोषणासाठी २०१७ साली ठरलेला दर सर्वसाधारण बालकामागे दिवसाला ८ रुपये होता. एका अंड्याला सहा-सात रुपये पडतात. कोपऱ्यावरच्या दुकानात बिस्किटाचा पुडा पाच रुपयांना मिळतो, आणि तो दिला की मूल तासभर रडत नाही. ‘बिस्किटे देऊ नयेत’ असे सांगणाऱ्या एकाही चित्रफितीने त्या तासभराची किंमत मोजलेली मी पाहिली नाही. त्या तासात बाईला खुरपणीची एक पात पुरी करायची असते.

मी पाहिलेल्यांपैकी सर्वांत चांगल्या चित्रफिती मुंबईच्या आयआयटीतल्या ‘स्पोकन ट्युटोरियल’ प्रकल्पाच्या आहेत. बालरोगतज्ज्ञ डॉ. रूपल दलाल यांच्या मार्गदर्शनाखालील ही मालिका मराठीसह अनेक भारतीय भाषांत आहे. तिचे मूळ लक्षात घेण्याजोगे आहे. हा प्रकल्प संगणकाच्या मुक्त प्रणाली शिकवण्यासाठी निघाला. शिकणाऱ्याने पडद्यावर एक पायरी पाहायची, थांबवायचे, आपल्या संगणकावर तीच करायची, मग पुढची पायरी. हीच रीत त्यांनी स्तनपानाला लावली. बाळ कोणत्या हातावर घ्यायचे, डोके कुठे धरायचे, बोटे कुठे ठेवायची, तोंड किती उघडल्यावर जवळ घ्यायचे, स्तनाग्राबरोबर काळपट भाग किती तोंडात जायला हवा, हे सारे क्रमाने येते. आईच्या दुधाचा महिमा गाणारी मराठी वाक्ये हजारो आहेत. बाळाचे तोंड नीट लागले नाही तर महिमा ऐकूनही त्याचे पोट भरत नाही, आणि आईला मात्र ‘दूधच येत नाही’ असे वाटू लागते. या पाठांत महिमा जवळजवळ नाही, कृती आहे. आवाज सपाट आहे, साहित्यगुण म्हणावा असे काही नाही, पण इतके स्वच्छ क्रियापद मी अलीकडच्या मराठी गद्यात फार ठिकाणी पाहिले नाही.

पण हीच रीत खाण्याच्या पाठांत लंगडते. स्तनपान दोन शरीरांमध्ये घडते, त्याला बाहेरून काही आणावे लागत नाही. स्वयंपाकाला बाजार लागतो, पाणी लागते, सरपण लागते, सासूची संमती लागते. संगणकाच्या पाठात प्रत्येकाच्या पडद्यावर तेच बटण असते, प्रत्येकाच्या फडताळात तीच बरणी नसते. शेवग्याच्या पाल्याची पूड, कढीपत्त्याची पूड अशा स्वस्त युक्त्या हे पाठ देतात, ते फार चांगले. आणि मांसाहारी पाककृतींचा स्वतंत्र पाठही त्यांनी केला आहे, ज्याला आपल्याकडे धैर्य लागते.

बाकीच्या चित्रफितींत अंडे भीतभीत येते, मासे कोकणापुरते, मटण-कोंबडी जवळजवळ नाही. शाहू पाटोळे यांचे ‘अन्न हे अपूर्णब्रह्म’ २०१५ मध्ये प्रसिद्ध झाले. मराठवाड्यातल्या महार-मांग घरांत काय शिजत होते, कसे वाळवून साठवले जात होते, याची नोंद करणारे हे पुस्तक पोषणाच्या कोणत्याही मसुदाकाराच्या टेबलावर असायला हवे. त्याच वर्षी राज्याने गोहत्याबंदी बैल आणि वळूंपर्यंत वाढवली, आणि अनेक घरांतले स्वस्तातले प्रथिन आणि लोह कायद्याने बंद झाले. लोहासाठी पालक आणि गूळ सुचवणारी चित्रफीत त्याबद्दल गप्प बसते. आपल्या चुलीवर काय शिजते ते या माणसांना ठाऊक नाही, किंवा ठाऊक असून सांगायचे नाही, हे ऐकणाऱ्या बाईला लगेच कळते. मग पुढचे सगळे ती अर्ध्या कानाने ऐकते.

फोन कोणाचा, हा प्रश्नही आहेच. पाचव्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीत महाराष्ट्रातल्या १०० पैकी सुमारे ३८ स्त्रियांनी कधी ना कधी इंटरनेट वापरले होते, आणि ग्रामीण भागात सुमारे २४. म्हणजे बहुतेक चित्रफिती आधी नवऱ्याच्या फोनवर येतात, आणि संध्याकाळी तो घरी आला तर, रिचार्ज असला तर, तिच्यापर्यंत जातात. असे असताना त्या नवऱ्याशी दोन शब्द बोलायला काय हरकत आहे? ‘बाबा’ पडद्यावर आले तरी शेवटच्या चौकटीत हसत उभे राहण्यापुरते येतात. २०२० मध्ये सुरू झालेल्या ‘तरंग सुपोषित महाराष्ट्राचा’ या राज्याच्या उपक्रमात साध्या फोनवर ऐकता येणारे संदेशही होते. मला तो मार्ग अधिक शहाणा वाटतो. भाकरी थापताना ऐकता येते, पाहता येत नाही.

अज्ञान नाहीच, फक्त दारिद्र्य आहे, असे म्हणणाऱ्यांशी मी सहमत नाही. त्याच पाहणीत देशातल्या सहा ते तेवीस महिन्यांच्या बाळांपैकी पुरेसा आहार मिळणारी होती ११.३ टक्के. महाराष्ट्रात हे प्रमाण १० टक्क्यांहूनही कमी, आणि देशातल्या सर्वांत श्रीमंत पंचमांश घरांतही सुमारे २३ टक्के मुले खुरटलेली. म्हणजे सांगण्यासारखे आहे, आणि ते बंगल्यांतही सांगण्यासारखे आहे. तिथे मात्र कोणी ‘मातांनो’ म्हणून हाक मारत नाही. ओडिशातल्या केंदुझर जिल्ह्यात २०१६ ते २०१९ या काळात एक मोठी चाचणी झाली. गावातल्याच बायकांना घेऊन चित्रफिती केल्या, त्या बचतगटांत दाखवल्या, मध्ये थांबवून चर्चा केली. चाचणीच्या काही गटांत मुलांच्या खाण्यातली विविधता वाढली. मुलांचा लुकडेपणा मात्र कमी झाला नाही. या निकालाचे दोन्ही अर्धे भाग एकत्र वाचावेत असे मला वाटते. आपल्या माणसाचा आवाज ताटात बदल घडवतो. अंगावर मांस चढायला त्याखेरीज पुष्कळ काही लागते.

आता ऊसतोडीचे घ्या. दिवाळी झाली की मराठवाड्यातून ट्रॅक्टर निघतात. नवरा-बायको मिळून एक ‘कोयता’, मुकादमाची उचल फिटेपर्यंत चार-पाच महिने फडात. बाळ कोपीवर, सांभाळायला आठ-दहा वर्षांची बहीण. अंगणवाडीतले नाव मागे गावात राहते, फोन मात्र बरोबर जातो. सेविका जिथे पोहोचत नाही तिथे चित्रफीत पोहोचू शकते, आणि ऑनलाइन शिक्षणाचा खरा दावा इथेच सिद्ध व्हायचा. पण फडात पोहोचलेली चित्रफीत काय सांगते? दिवसातून चार-पाच वेळा ताजे शिजवून भरवावे. बाई पहाटे भाकरी थापून जाते ती अंधार पडल्यावर येते. सकाळची भाकरी दुपारी कशात भिजवायची, शेंगदाण्याचा कूट किती बारीक हवा म्हणजे घशात अडकणार नाही, झाकून ठेवलेले कुठवर चालेल, पाणी उकळायचे राहिले तर काय, आणि हे सगळे बहिणीला कळेल असे कसे सांगायचे, यावर मला एकही चित्रफीत सापडली नाही. ‘ताई, तू बाळाला भरवताना’ असे सुरू होणारे वाक्य मराठीत अजून कोणी लिहिलेले दिसत नाही. ते लिहायला आहारतज्ज्ञ हवा, आणि कोपीत राहिलेली एखादी बाईही हवी, मानधन देऊन, मसुद्याच्या पहिल्या बैठकीपासून.