दुय्यम पात्रांचे भविष्य

दूरचित्रवाणीवरील विज्ञानकथेने समलिंगी माणसाच्या आधी त्याचे रूपक स्वीकारले. ‘स्टार ट्रेक’च्या यानावर १९६६पासून निरनिराळ्या वंशांचे आणि ग्रहांचे लोक एकत्र वावरत होते, पण समलिंगी अधिकारी त्यांत नव्हता. ‘द नेक्स्ट जनरेशन’साठी डेव्हिड जेरॉल्ड यांनी लिहिलेल्या ‘ब्लड अँड फायर’ या पटकथेत एक पुरुष-जोडपे होते. ती त्या मालिकेत चित्रित झालीच नाही. १९९२च्या ‘द आउटकास्ट’ या भागात लिंगभेद न मानणाऱ्या जमातीतली सोरेन स्वतःला स्त्री मानते, यानावरचा अधिकारी रायकर याच्या प्रेमात पडते आणि तिच्यावर सक्तीने ‘उपचार’ होतात. रोख कुणाकडे आहे हे उघडच होते. मात्र सोरेनचे काम अभिनेत्रीने केल्यामुळे पडद्यावर दिसले ते पुरुष-स्त्रीचेच प्रेम. ही भूमिका पुरुषाला द्यायला हवी होती, असे मत रायकर साकारणाऱ्या जोनाथन फ्रेक्स यांनीच नंतर मांडले.

रूपकाचा आडोसा दूर झाल्यावर पात्रे आली, पण कथेच्या कडेला. ‘बॅटलस्टार गॅलेक्टिका’तला फेलिक्स गेटा पहिल्यापासून नियंत्रणकक्षात हजर असतो. हॉशी या पुरुष सहकाऱ्याशी त्याचे नाते आहे हे कळते ते २००८च्या अखेरीस इंटरनेटवर आलेल्या छोट्या पूरक भागांतून. मुख्य मालिका त्याबद्दल जवळजवळ मौनच पाळते. पुढच्या काही आठवड्यांत बंडाच्या आरोपावरून गेटाला गोळ्या घातल्या जातात. ज्याचे घरच प्रेक्षकाने पाहिले नाही, त्याच्यामागे कोण उरले हे प्रेक्षकाला कळावे कसे?

मृत्यू हा विज्ञानकथेत अपवाद नाही, आणि प्रत्येक समलिंगी पात्र जगलेच पाहिजे ही मागणी कलेच्या दृष्टीने टिकणारी नाही. प्रश्न मृत्यू कशाला जोडला जातो याचा आहे. ‘द हंड्रेड’मध्ये २०१६ साली लेक्सा नायिका क्लार्कशी पहिल्यांदा एकत्र येते आणि त्याच भागात दुसऱ्यावर झाडलेली गोळी लागून मरते. अभिनेत्रीला दुसऱ्या मालिकेचे काम होते, हे व्यावहारिक कारण खरेच. तरी सुखाला लागूनच मरण ठेवण्याची सक्ती त्यातून येत नाही. प्रेक्षकांचा संताप एवढा होता की निर्मात्याला जाहीर खुलासा करावा लागला.

‘स्टार ट्रेक: डिस्कव्हरी’ने (२०१७) समलिंगी जोडप्याचे रोजचे आयुष्य दाखवण्याच्या वाटेवर अर्धे पाऊल टाकले आणि मागे घेतले. शास्त्रज्ञ स्टॅमेट्स आणि डॉक्टर कल्बर रात्री शेजारी उभे राहून दात घासतात, दिवसभराच्या कामावरून कुरबुर करतात. या क्षुल्लक प्रसंगाने पन्नास वर्षांची उणीव भरून काढली. काही भागांनंतर कल्बरची मान मोडली जाते. दुसऱ्या पर्वात तो परत येतो, आणि इथेच लेखन सर्वांत धीट आहे. नव्या देहात त्याला स्वतःची ओळख पटत नाही, जुने प्रेम परके वाटते आणि तो स्टॅमेट्सपासून वेगळा राहू लागतो. जोडीदाराच्या शोकाचे निमित्त झालेल्या पात्राला पहिल्यांदाच स्वतःचा त्रास मिळतो.

याहून सहज उदाहरण २०१०च्या ‘कॅप्रिका’चे. त्यातला सॅम अडामा गुन्हेगारी टोळीचा मारेकरी आहे आणि त्याचा नवरा लॅरी घर सांभाळतो. समाज त्याला टोकतो तो त्याच्या टॉरॉन वंशामुळे, नवऱ्यामुळे नव्हे. गोंदलेले हात, खून, पुतण्याचे लाड हे सारे एकाच माणसात मावते. मालिका एका पर्वातच आटोपली, हे दुर्दैव.

सॅमच्या तुलनेत ‘डिस्कव्हरी’तल्या कल्बरचे पुढे काय झाले हेही पाहण्यासारखे आहे. चौथ्या पर्वात तो यानाचा समुपदेशक होतो आणि इतरांची दुखणी ऐकता ऐकता थकतो. लेखकांनी हा थकवा कथेत आणला हे खरे, पण त्याच्या वाट्याला कथाभाग येतो तो बहुतेक वेळा दुसऱ्या कुणाला आधार हवा असतो तेव्हाच.