कंटेनरची बहुमजली घरे : ओनागावा येथील वसाहतीची संरचनात्मक चिकित्सा

प्रस्तावना :
मालवाहू कंटेनर एकमेकांवर रचून बहुमजली घरे उभारण्याची कल्पना एकविसाव्या शतकात जगभर चर्चिली गेली. जहाजावर मालाने भरलेल्या कंटेनरचे अनेक थर रचता येतात. तेव्हा त्यांत मनुष्यवस्ती सहज सामावेल, असा युक्तिवाद तिच्या समर्थनार्थ केला जातो. प्रस्तुत लेखात जपानमधील ओनागावा येथील वसाहतीच्या आधारे या युक्तिवादाची चिकित्सा केली आहे.

संरचनेचे मर्म :
कंटेनरचे सामर्थ्य त्याच्या चार कोपऱ्यांत असते. वरच्या थरांचा भार कोपऱ्यांतील पोलादी खांबांतून खाली उतरतो. छताचा पत्रा त्यासाठी घडवलेला नसतो. बाजूच्या भिंती जेमतेम दीड ते दोन मिलिमीटर जाडीच्या पन्हळी पत्र्याच्या असतात. तथापि त्या केवळ आडोसा नव्हेत. वारा व भूकंप यांच्या आडव्या बलांना त्याच रोध करतात. घराची गरज नेमकी याच्या विरुद्ध आहे. कंटेनरची आतील रुंदी सुमारे २.३५ मीटर असते. प्रशस्त खोलीसाठी दोन कंटेनरमधील भिंती कापाव्या लागतात आणि त्यांच्या जागी नव्या तुळया व खांब घालावे लागतात. तयार सांगाडा मिळाल्याचा लाभ तेथेच ओसरतो.

ओनागावा येथील प्रयोग :
११ मार्च २०११ च्या भूकंपाने व त्सुनामीने मियागी प्रांतातील ओनागावा हे किनारी गाव उद्ध्वस्त झाले. डोंगराळ प्रदेशामुळे एकमजली तात्पुरत्या घरांसाठी पुरेशी सपाट जमीन नव्हती. वास्तुविशारद शिगेरू बान यांनी तेथील बेसबॉलच्या मैदानावर वीस फुटी कंटेनर वापरून तळमजल्यासह दोन व तीन मजल्यांची १८९ घरे उभारली. कंटेनरची रचना बुद्धिबळाच्या पटासारखी, एक खोके व एक पोकळी अशी होती. खोक्यांत स्नानगृह व मुलांची खोली, तर पोकळीत उजेडाची बैठकीची खोली होती. प्रशस्त जागा येथे दोन खोकी एकत्र करून नव्हे, तर त्यांच्यात अंतर सोडून मिळवली होती. वरच्या खोक्याचे कोपरे खालच्या दोन खोक्यांच्या कडांशी येतात. कंटेनरच्या मूळ भारवहनाशी ही मांडणी सुसंगत आहे.

मर्यादा :
या मांडणीत प्रत्येक मजल्यावर खोक्याची जागा बदलते. त्यामुळे सांध्यांवरील जबाबदारी वाढते. पोलादातून उष्णता सहज वाहत असल्याने उष्णतारोधक थर अनिवार्य ठरतो व आतील रुंदी आणखी घटते. शिवाय ही वसाहत आपद्ग्रस्तांसाठी, तात्पुरत्या निवाऱ्याच्या हेतूने उभारलेली होती.

निष्कर्ष :
ओनागावाचे यश खोक्याच्या स्वस्ताईचे नसून मांडणीच्या विवेकाचे आहे. जमिनीची टंचाई व निकडीची वेळ या दोन अटी वगळून त्यावरून कायमस्वरूपी गृहनिर्माणाचे धोरण बेतणे तर्कसंगत ठरणार नाही. अशा घरांत बहुधा निवडीचे स्वातंत्र्य नसलेली कुटुंबे राहतात. म्हणूनच कापलेल्या प्रत्येक भिंतीचा व प्रत्येक सांध्याचा हिशेब येथे अधिक काटेकोरपणे मांडला जाणे आवश्यक आहे.